परत वाचून दाखवतो, सायेब

नाखवांना कुणी शिवी दिली की ते आधी पेन्सिल शोधायला लागत.

पेन्सिल त्यांच्या कानामागेच असे. हे सगळ्या लॅबला दिसे, फक्त त्यांना माहीत नसे. किंवा माहीत असूनही ते खिसे चाचपत, टेबलावरचे कागद उचलून बघत, खुर्चीखाली वाकत. तोवर फोनवरचा माणूस ओरडून ओरडून निम्मा थंड झालेला असे. मग पेन्सिल सापडे. इंटरकॉमशेजारी खिळ्याला सुतळीने एक लांबट वही टांगलेली होती, ती उघडली जाई आणि नाखवा रिसीव्हरमध्ये अगदी गोडीत म्हणत, "हां सायेब, बोला आता. पयल्यापासून बोला. जरा हलू, लिवून घेतो."

वाशीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा ते तिथले सगळ्यांत जुने टेक्निशियन होते. नाखवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कोळ्यांमध्ये होडीच्या मालकाला नाखवा म्हणतात. यांच्याकडे होडी कधीच नव्हती, आणि असती तरी उपयोग नव्हता, कारण यांना होडी लागायची. खाडीकाठच्या कोळीवाड्यात, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या घरात जन्मलेला हा माणूस पाण्यावर गेला की ओकायचा. "बापानं दोनदा नेला होडीवर. तिसऱ्यांदा कॉलेजात टाकला," असं ते स्वतःच सांगायचे. लॅबमधल्या कुणीतरी चिडवायला म्हणून त्यांना नाखवा म्हणायला सुरुवात केली. ते ओ द्यायला लागले, विषय संपला.

त्यांचं सगळंच वेगळं. सकाळी वॉर्डांतून रक्ताच्या नळ्या आल्या की ते एकेक नळी उचलून तिचं लेबल मोठ्याने वाचत आणि आडनावाने तिचं स्वागत करत. "या ठाकूर, काल पन आलेलात ना? पाटीलबाई, तुमी हिकडं बसा." गरगर फिरवायच्या यंत्रात तोल राहावा म्हणून नळ्या समोरासमोर ठेवाव्या लागतात, नाखवा त्या अशा ठेवत की जणू पंगतीत पाट मांडतायत. "वाघमारे, तुमच्यासमोर कोन बसवू?" मला पहिला आठवडाभर वाटलं, माणूस जरा सरकलेला आहे. शेवटी न राहवून विचारलं.

"नलीला नलीच म्हनत रायलो ना," ते म्हणाले, "तर एक दिवस नलीच दिसल. मानूस नाय दिसनार."

हे ऐकून मी मनात म्हटलं, आली पंचाईत, आता प्रवचनं ऐकावी लागणार. पण तसं काही झालं नाही. असली वाक्यं ते वर्षातून दोन-चारच बोलायचे आणि लगेच डबा उघडायचे.

मी मूळची कराडची. डिप्लोमा करून नोकरीसाठी नेरुळला मामांकडे राहायला आले होते. आमच्या घराण्यात राग सगळ्यांच्याच नाकावर; माझा त्याच्याही थोडा पुढे. घरी कुणी आवाज चढवला की मी दुप्पट चढवायची. इथे मात्र चढवायची सोय नव्हती, कारण सहा महिने नोकरी कच्ची होती. आणि लॅबवर कोण ओरडत नाही? रिपोर्टला उशीर झाला की डॉक्टर ओरडणार, डॉक्टर ओरडले की सिस्टर आमच्यावर ओरडणार, नातेवाईक खिडकीत डोकं घालून ओरडणार. पेशंट बरा झाला तर पेढे वॉर्डात जातात. लॅब कुणाला आठवते? मी दिवसभर दात आवळून काम करायची आणि संध्याकाळी मामींच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीच्या आडोशाने रडायची.

आता त्या वहीचं सांगते. आमच्या लॅबमध्ये एक नियम होता, आणि तो नाखवांनीच लावलेला होता. फोनवर रिपोर्ट सांगायचा असेल तर ऐकणाऱ्याने तो लिहून घ्यायचा, परत वाचून दाखवायचा, आणि सांगणाऱ्याने "बरोबर" म्हणायचं. "बरोबर" आलं नाही तर रिपोर्ट दिला असं धरायचंच नाही. एक शून्य इकडचं तिकडे झालं तर माणूस जातो, म्हणून हा नियम. तो चांगलाच होता. फक्त नाखवांनी तो शिव्यांनाही लावला होता.

वहीत चार रकाने होते. वेळ, कोण, काय बोलला, आणि शेवटचा: त्यातलं खरं.

एकदा कांदा-बटाटा मार्केटमधले एक व्यापारी खिडकीशी येऊन तावातावाने बोलायला लागले. दोन तास झाले तरी त्यांच्या आईचा रिपोर्ट मिळाला नव्हता. "दोन घंटे में मेरा पूरा ट्रक खाली होता है, आणि तुमच्याकडून एक कागद निघत नाही! सगळे हरामाचं खाता!" नाखवांनी पेन्सिल शोधली, लिहून घेतलं आणि खिडकीतून वाचून दाखवलं. "'सगले हरामाचा खाता.' बरोबर शेठ?" स्वतःचं बोलणं असं सपाट आवाजात, चारचौघांत परत ऐकणं ही फार वाईट गोष्ट असते. व्यापाऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "तसं नाही हो... म्हणजे..." "खोडू?" "खोडा, खोडा." नाखवांनी तेवढं खोडलं आणि चौथ्या रकान्यात लिहिलं, 'दोन तास.' मग रिपोर्टांचा गठ्ठा उपसायला बसले. रिपोर्ट खरंच चुकून दुसऱ्या वॉर्डाच्या गठ्ठ्यात गेला होता.

"बघ," मला म्हणाले, "माजी आय मार्केटात म्हावरा विकायची. गिऱ्हाईक शिव्या घालायचा आनि ती आयकत बसायची. मी चिडायचा. ती बोलायची, अरे, शिवी देताना मानूस खरा काय ते पन बोलून जातो. शिवी टाकून दे, बाकीचा ठेव."

मला हे मुळीच पटलं नाही. शिवी टाकून द्यायची म्हणजे काय? ती काय माशाचं खवल आहे? लागायची ती लागतेच.

आणि नाखवांच्या वहीत फक्त बाहेरची माणसं नव्हती, हे मला लवकरच कळलं. वॉर्डातून नळ्या आणणाऱ्या आयाबाई एकदा ट्रे चुकीच्या टेबलावर ठेवून निघाल्या. मी त्यांच्यावर खेकसले, "डोळे आहेत की बटणं?" बाई ट्रे उचलून बरोबर जागी ठेवून गेल्या. मागून ओळखीचा आवाज आला, "'डोले हायेत की बटनं.' बरोबर?" नाखवा पेन्सिल धरून उभे होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलले होते ते खरं होतं. "बरोबर," मी पुटपुटले. त्यांनी माझं नाव लिहिलं, शेवटच्या रकान्यापाशी थांबले, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि लिहिलं, 'सकाळपासून उपाशी.' मग स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी मी आयाबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ताई, माफी मागनाऱ्या तुमीच पहिल्या," आणि मला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण माझं ठरत आलं होतं. पाचव्या महिन्यात मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. तीनच ओळी होत्या. 'मला हे काम जमत नाही. तरी मला कामावरून मोकळं करावं. आपली विश्वासू.' काम मला जमत होतं, हे मलाही माहीत होतं. माणसांचं ओरडणं जमत नव्हतं. पण अर्जात तसं कसं लिहिणार? रोज सकाळी वाटे, आज देऊ. रोज कुठलंतरी रक्त हातात पडे आणि राहून जाई.

आमच्याकडे एक सर्जन होते. हात देवाचा आणि तोंड सैतानाचं, असं सिस्टर लोक म्हणायचे. एका दुपारी ऑपरेशन चालू असताना त्यांचा फोन आला. पेशंटला अचानक रक्त लागणार होतं. पेशंटच्या रक्ताची नळी वॉर्डातून आधीच आमच्याकडे आलेली होती. तिचा गट मी तपासला होता, बी निघाला होता, आणि आता बी गटाच्या बाटलीशी जुळवणी करून बघायची होती. फोन मीच उचलला.

ते सुमारे मिनिटभर बोलले. त्यातलं मला फक्त "बिनडोक" आणि "भाजी निवडायला बसलीस का" एवढंच मनाला लागलं; बाकीचं कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. फोन आदळला गेला. मी नळी उचलली. मला एवढंच कळत होतं की बाटली लवकरात लवकर वर पाठवायची आणि हा आवाज थांबवायचा.

"काय बोल्ले?" नाखवा वही घेऊन शेजारी उभे.

"नाखवा, आत्ता नाही हो! तिकडे पेशंट टेबलावर आहे!"

"म्हनूनच. एक मिन्ट लागल. सगला सांग."

मला त्या क्षणी त्या माणसाचा इतका राग आला की सर्जन परवडले. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी एका दमात सगळं ओकले: "'कोण बिनडोक बसलीय तिथे, भाजी निवडायला बसलीस का, इथे सत्तर वर्षांचा म्हातारा माझ्यापुढे रक्त सांडतोय आणि तुमचं चहापाणी संपत नाही, जमत नसेल तर घरी जा!' झालं? लिहिलं?"

नाखवांनी लिहिलं. नियमाप्रमाणे परत वाचायला लागले. "'कोन बिनडोक... भाजी निवडायला... हितं सत्तर वर्षांचा म्हातारा...'"

ते थांबले. माझ्या हातातली नळी त्यांनी अलगद काढून घेतली आणि लेबल मोठ्याने वाचलं, नेहमी वाचायचे तसंच. "म्हात्रे. पुरुष. वय चौतीस."

मी वाकून लेबल वाचलं. चौतीसच.

आमच्या भागातल्या जुन्या गावांमध्ये आडनावं मोजकीच. ठाकूर, पाटील, म्हात्रे. सर्जरीच्या वॉर्डात त्या दिवशी दोन म्हात्रे होते. एक हर्नियाचा चौतिशीतला, आणि एक हे आजोबा. वॉर्डातून नळी आली होती ती चौतिशीतल्याची. मी लेबलावरचं आडनाव वाचलं होतं, वय वाचलं नव्हतं. त्या नळीशी बी गटाची बाटली तंतोतंत जुळली असती, आणि आजोबांना चढली असती.

नाखवांनी वर फोन लावला. "सायेब, नली दुसऱ्या म्हात्रेची हाय. ताजा रगत काढून पाठवा, आत्ताच्या आत्ता. हां, शिव्या नंतर द्या, लिवून घेईन. पयला रगत." नवी नळी आली. गट ओ निघाला. ओ गटाच्या माणसाला बी गटाचं रक्त चढलं असतं तर त्या वयात काय झालं असतं, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही. ओ गटाच्या दोन बाटल्या जुळवून आम्ही वर पाठवल्या. संध्याकाळी आयाबाई सांगत आल्या, आजोबा शुद्धीवर आले, चहा मागतायत.

वहीतला चौथा रकाना नाखवांनी तेव्हा भरला. 'वय सत्तर.'

तुम्हाला वाटेल, इथे माझं मन पालटलं. छे! मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले ती सरळ राजीनामा घेऊनच. शिव्यांनी मी इतकी घाबरले होते की एका माणसाचा जीव घेणार होते. मग अशा माणसाने लॅबमध्ये राहावंच कशाला? पत्र लॅबच्या मोठ्या मॅडमना द्यायचं, पण त्या दहाला यायच्या, म्हणून मी ते नाखवांकडे दिलं.

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. शोधली नाही, सरळ काढली. पत्र समोर धरलं आणि त्या सपाट आवाजात वाचलं. "'मला हे काम जमत नाही.' बरोबर?"

मी पर्सची चेन लावायला लागले.

"'मला हे काम जमत नाही,'" त्यांनी परत वाचलं. "बरोबर?"

बरोबर म्हणायला काय जात होतं? चारच अक्षरं. पण तो सपाट आवाज माझं वाक्य माझ्यासमोर असं ठेवत होता की मला ते ओळखूच येईना. मी 'बरोबर' म्हटलं नाही.

"मंग रिपोर्ट पेंडिंग," असं म्हणून त्यांनी पत्र वहीत कालच्या पानावर डिंकाने चिकटवलं. शेवटचा रकाना कोरा ठेवला. "सवडीनं सांग. घाई नाय. पन आजपासनं लेबल वाचायचा ते वयासकट, आनि मोठ्यानं." मी त्या दिवशी पहिल्यांदा नळी उचलून म्हटलं, "या नाईक, वय बावन्न." मला स्वतःचंच हसू आलं. मॅडम दहाला आल्या आणि त्यांना काही कळलंही नाही.

सर्जन दोन दिवसांनी खाली आले. लॅबमध्ये त्यांना याआधी कुणी पाहिलं नव्हतं, दारातच घोटाळले. "ती वही म्हणतात ती कुठाय?" नाखवांनी पान उघडून दिलं. त्यांनी वाचलं. "मी बिनडोक म्हणालो?" "हो सर," मी म्हणाले. माझा आवाज कापला नाही, याचं मलाच नवल वाटलं. त्यांनी शेवटचा रकानाही वाचला. मग म्हणाले, "ते बिनडोक तेवढं खोडता येतं का?" "तिला इचारा," नाखवा म्हणाले. मी म्हटलं, "खोडा." पुढेही ते ओरडायचेच; स्वभावाला औषध नाही. पण फोनवर आधी स्वतःहून पेशंटचं नाव आणि वय सांगायचे, आणि मग ओरडायचे. आम्हाला तेवढं पुष्कळ होतं.

नोकरी पक्की झाली, वर्षं गेली. नाखवा निवृत्त झाले तेव्हा वही आणि पेन्सिल दोन्ही माझ्याकडे आली. जाताना ते म्हणाले, "आता मी भायेरचा. भायेरच्यानं खिडकीशी थांबायचा." आणि खरंच कधी आत आले नाहीत.

नव्व्याण्णव साली एका सकाळी वॉर्डातून एक नळी आली, तिच्यावर नाखवांचं आडनाव होतं. त्यांच्या बायकोची. अकरा दिवसांचा ताप, रक्तातल्या पेशी घसरलेल्या, आणि डॉक्टरांनी रक्ताच्या कॅन्सरची शंका काढलेली. मी नळी उचलून म्हटलं, "या काकू, वय साठ," आणि कामाला लागले. काचपट्टीवर रक्त पसरलं, रंगवलं. पहिली पट्टी मनासारखी रंगली नाही. संशयाच्या पट्टीवर रिपोर्ट द्यायचा नाही, ही शिकवण कुणाची? म्हणून दुसरी केली. सूक्ष्मदर्शकातून बघितली, मॅडमना दाखवली, तोच फोन वाजला.

"कोन बोलतंय? झोपा काढता काय तिकडं? दोन तास झालं! हितं मानूस मरल तवा रिपोर्ट देनार काय? कोनी बसवली तुमाला तिथं? काम जमत नाय तर घरी जा!"

इतक्या वर्षांत तो आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. नाखवांनाही ओरडता येतं, हे त्या दिवशी कळलं. मला राग आला नाही. फार माया दाटून आली. मी पेन्सिल घेतली.

"थांबा," मी म्हटलं. "लिहून घेते. पहिल्यापासून सांगा, जरा हळू."

मी जेवढं आठवत होतं तेवढं लिहिलं आणि वाचून दाखवलं. अक्षर न् अक्षर, सपाट आवाजात. "बरोबर?"

मग अगदी बारीक आवाजात, "बरोबर."

"नाव?"

त्यांनी हजेरीपटावरचं सगळं नाव सांगितलं. मी ते लिहिलं. "आता तुम्ही लिहून घ्या. दुसऱ्या पट्टीवर मलेरियाचे जंतू स्पष्ट दिसतायत. पेशी त्यानेच घसरल्यात. बाकी वाईट काही नाही. मॅडमनी पण बघितलं. वाचून दाखवा."

"मले..." एवढंच आलं. मग परत, "मलेरिया. बाकी काय नाय."

"बरोबर," मी म्हटलं. मलेरिया झाला म्हणून आनंदाने रडणारा माणूस मी आयुष्यात तो एकच ऐकला.

थोड्या वेळाने ते खाली आले आणि खिडकीशी उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. मग मीच वही खिडकीतून बाहेर दिली. त्यांनी आपलं पान वाचलं, माझी पेन्सिल मागितली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'भ्यालो होतो.' मग मागची पानं चाळत बसले, जुन्या अल्बममधले फोटो बघावेत तशी. एका पानापाशी थांबले. डिंक पिवळा पडला होता, पण पत्र जागेवर होतं.

"हा अजून पेंडिंग?"

"तुम्ही सवडीने सांग म्हणाला होतात."

त्यांनी नाकावरचा चष्मा सावरला आणि तोच जुना आवाज काढला. "'मला हे काम जमत नाही.' बरोबर?"

"चूक," मी म्हणाले.

त्यांनी तेवढं लिहिलं, वही मला परत दिली आणि सवयीने पेन्सिल कानामागे खोचून बायकोकडे वर निघून गेले. मी संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून दुसरी पेन्सिल घेतली.